आत्याची मंडळी

यंदा आमचा ईस्टरआधीचा उपासकाळ आणि निवडणूक पुन्हा एकत्र आलेत. परवा शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही मोजकी माणसं चर्चमध्ये बसलो होतो. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या आणि झाडाखाली पडून कुजलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास आत भरून राहिला होता. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि नेमकी तेव्हाच खालच्या रस्त्यानं भोंगा लावलेली रिक्षा आली. कुणाला तरी प्रचंड मतांनी विजयी करायचं होतं. पाळक थांबले. रिक्षा चढ चढली, फणसामागं वळली, आवाज बारीक झाला. मग त्यांनी जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. माझ्या शेजारी सुशीलाआत्या बसली होती. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हसत होते.

एका वर्षी त्या भोंग्यातून तिचं नाव गावभर फिरत होतं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सरकारी नर्स होती. नोकरीची पहिली वर्षं हर्णे-दाभोळकडं काढली आणि मग बदली मागून आपल्या भागात आली. निवृत्त झाल्यावरही गावातलं कुणी तापानं फणफणलं की आधी तिच्या दारात यायचं. आमचं गाव रत्नागिरीहून फार लांब नाही. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, उतारावर वाड्या, सगळ्यात खाली बौद्धवाडी आणि तिच्या पायथ्याशी नदी. पूर्वी इथं मिशनचा दवाखाना होता. तो कधीच बंद झाला, पण त्याच्याभोवती वसलेली आमची वीसेक घरं राहिली. त्या वस्तीला अजून मिशनवाडी म्हणतात. आमच्या पूर्वजांनी धर्म घेतला तो साहेबाच्या राज्यात. त्यामुळं साहेब गेला तरी गावाच्या मनात आम्ही थोडेसे साहेबाचेच राहिलो. माझे आजोबा दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. जन्मभर अनवाणी चालले. तरी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना गावातल्या एकानं विचारलं होतं, "तुम्ही पण जाणार काय ओ बोटीनं?" आजोबा ही गोष्ट हसत सांगायचे. मी मोठी झाले तेव्हा लक्षात आलं की त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

सत्तेच्या बोटीतून आलेला धर्म, आणि बोट निघून गेल्यावर किनाऱ्यावर राहिलेली माणसं, अशी आमची अवस्था. त्यातून एक सवय लागली. मान खाली घालून राहायचं. मत द्यायचं, पण कुणाला दिलं ते बोलायचं नाही. पुढाऱ्यांना नाताळचा केक पाठवायचा. कुणाच्या नजरेत खुपायचं नाही.

आणि अशा वस्तीतली बाई सरपंचपदाला उभी राहिली.

झालं असं की त्या वेळी सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं. गावात पॅनेल चालवायचे मनोहरभाई. सड्याच्या उतारावर त्यांची हापूसची मोठी बाग आहे. तालुक्यात ओळखी, बोलण्यात गोडवा. एका रविवारी उपासना सुटल्यावर ते थेट आमच्या ओटीवर आले. मी रत्नागिरीच्या शाळेत शिकवते, पण शनिवार-रविवार गावी असायचे, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर, आणि मनोहरभाई त्यांचे विद्यार्थी. त्यामुळं भाई खुर्चीत न बसता पायरीवर बसले.

"मास्तर, बाईंना उभं करायचं म्हणतो."

बाबा आत्याकडं बघायला लागले. आत्या कुयरीची भाजी चिरत होती. फणसाचा चीक हाताला लागू नये म्हणून तिनं तेल लावलेलं होतं, आणि त्या तेलकट हातांनी ती तशीच थांबली.

"मलाच का?" तिनं विचारलं.

"गावात असं एक घर नाही जिथं तुम्ही इंजेक्शन दिलेलं नाही. तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

हे खरं होतं. न बोललेलं कारणही आत्याला कळत होतं. मोठ्या वाडीतली बाई उभी केली तर दुसरी वाडी रुसणार. मिशनवाडीची बाई कुणाच्याच वाटेत नव्हती. आणि एकटी, निवृत्त, देवभोळी बाई सांगू तिथं सही करेल, असंही भाईंच्या मनात असणार.

जाता जाता भाई म्हणाले, "आणि मास्तर, तुमच्या वाटेचं बघून टाकू."

त्या एका वाक्यानं बाबांचा चेहरा बदलला. आमची दफनभूमी वर सड्यावर आहे. तिथं जायची वाट भाईंच्या बागेतून. पूर्वी बाग नव्हती तेव्हा मोकळं रान होतं, कुठूनही जाता यायचं. पुढं कलमं लागली, चिऱ्यांचा गडगा आला, गडग्याला फाटक आलं. मयत झालं की आमच्यातल्या कुणीतरी भाईंच्या घरी जाऊन फाटक उघडायची विनंती करायची. भाईंनी कधी नाही म्हटलं नाही. पण विचारावं लागायचं. घरात प्रेत असताना दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारणं काय असतं, ते मिशनवाडीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. बाबा आणि आत्या दोघंही मंडळीच्या पंच कमिटीत होते, पण ती हक्काची वाट हे बाबांचं आयुष्यभराचं दुखणं होतं.

(आम्ही चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतो. गावात मात्र बायकोलाही मंडळी म्हणतात, त्यामुळं "पाळकांची मंडळी रुसली" असं म्हटलं की लोकांना भलतीच मजा वाटायची.)

पाळक तेव्हा नवीन होते, देशावरून बदलून आलेले तरुण गृहस्थ. त्यांना ही गोष्ट पसंत नव्हती. "बाई, आपण थोडे आहोत," ते आत्याला म्हणाले. "थोड्या माणसांनी सत्तेच्या फार जवळ जाऊ नये. ऊब मिळते, पण भाजतंही."

"आणि लांब राहिलो तर गारठतो," आत्या म्हणाली. "मी वॉर्डात काम केलंय, पाळकसाहेब. दारावरच्या अधिकाऱ्यांच्या बोर्डावर कुणाचं नाव आहे त्यावर औषध वेळेवर येतं की नाही ते ठरतं. एकदा आपण बोर्डावर जाऊन बघू."

मग तिनं एक अट घातली. चर्चमध्ये तिच्या निवडणुकीचा शब्द निघता कामा नये. आवाहन नाही, खास प्रार्थना नाही. मंडळीतल्या काहींना हे आवडलं नाही. पाळकांना मात्र हायसं वाटलेलं दिसलं.

आत्या निवडून आली. अगदी आरामात आली. तिचं चिन्ह कपबशी होतं, आणि त्या दिवशी गावात जिथं जाईल तिथं तिला चहा घ्यावा लागला.

आमच्या उपासनेत दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असते. देशाचे, राज्याचे, अधिकारपदावरचे सगळे यांना सुबुद्धी मिळो, अशी. लहानपणापासून ऐकत आले. राज्यकर्ते म्हणजे दिल्ली-मुंबईची, पेपरात फोटो येणारी माणसं, असंच डोक्यात होतं. निवडणुकीनंतरच्या रविवारी पाळक म्हणाले, "आणि आमच्या गावाचा कारभार पाहणाऱ्यांना," आणि दोन-तीन माना वळल्या. राज्यकर्ती तिसऱ्या बाकावर, पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन बसलेली होती. आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी जाणवली. आम्ही विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो त्यात देवाच्या पुत्राची आणि त्याच्या आईची नावं आहेत, आणि तिसरं नाव आहे एका सरकारी अधिकाऱ्याचं, ज्यानं त्याला मरणाची शिक्षा दिली त्या रोमी सुभेदाराचं. जगभर दर रविवारी ते घेतलं जातं. त्या सुभेदारानं काही फार भयंकर मनात आणलं नव्हतं. गर्दी ओरडत होती आणि त्याला शांतता हवी होती, एवढंच.

लवकरच शिमगा आला. कोकणात आमचा उपासकाळ आणि शिमगा बहुतेक एकत्रच येतात. एकीकडं आम्ही मांसाहार सोडून गंभीर चेहऱ्यानं बसलेलो आणि दुसरीकडं रात्रभर ढोल. लहानपणी मला त्या ढोलाचा फार मोह व्हायचा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तशी ग्रामपंचायतीच्या अंगणातही येते, आणि तिथं सरपंचानं ओटी भरायची असा रिवाज. त्या वर्षी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता. गावाच्या फोनवर आधीच एक मेसेज फिरत होता की आता गावात चर्चची कामं होणार, लोकांना बाटवणार. एका ग्रामसभेत मोठ्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं उठून सरळ विचारलंही होतं, "बाई, रागवू नका, पण आमाला बाटवणार काय तुमी?"

आत्या म्हणाली, "तात्या, इतकी वर्षं तुमच्या कमरेत सुया टोचल्या, तेव्हा नाही बाटलात. आता माझ्या सहीनं बाटाल होय?"

सभा हसली होती. पण पालखीपुढं विनोद चालणार नव्हता.

पालखी अंगणात आली. गुलालानं माखलेले भोई, भर दुपारचं ऊन. आत्यानं चपला काढल्या आणि पुढं जाऊन उभी राहिली. उपसरपंच कुणबीवाडीतले होते. त्यांना ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गावाच्या वतीनं ओटी तुम्ही भरा. माझ्या हातानं करून ते खोटं होईल, आणि देवाच्या दारात खोटं नको." त्यांनी ओटी भरली. ती बाजूला, मान लववून, पदर सावरून उभी राहिली. पालखी नाचून पुढं गेली.

रात्रीपर्यंत त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. मोठ्या वाडीतले काही जण तो मोठा करून दाखवत होते, की बघा, हात जोडले नाहीत. मिशनवाडीतले काही जण तोच व्हिडिओ मोठा करून दाखवत होते, की बघा, मान वाकवली. आत्यानं तो पाहिलाच नाही. ती म्हणाली, "मी तिथं होते की."

खरी कसोटी पुढंच होती. गावाला नळपाणी योजना मंजूर झाली होती. नदीकाठी, बौद्धवाडीच्या पायथ्याशी विहीर. तिथून पाणी वर सड्यावरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून खाली वाड्यांना सोडायचं. आलेल्या निधीत खाली सोडायच्या दोन वाहिन्यांपैकी एकच होणार होती. मनोहरभाईंनी आखणी तयार ठेवली होती. पहिली वाहिनी वरच्या रस्त्यानं, म्हणजे त्यांची बाग, मोठी वाडी आणि आमची मिशनवाडी. बौद्धवाडी दुसऱ्या टप्प्यात, निधी येईल तेव्हा.

बौद्धवाडीला विहीर नव्हती. मार्चनंतर बायका नदीच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. आमच्याकडं मिशनची जुनी विहीर आहे, मे अखेरपर्यंत पुरते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या गोष्टीवर कुणी बोलत नसतं.

पंचायतीत बौद्धवाडीच्या सदस्य होत्या शालनवहिनी. त्या एका दुपारी आत्याकडं आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "बाई, पाणी आमच्या दारावरनं वर चढवणार. पाइप आमच्या अंगणातनं जाणार. आन् आमी पाइपावर कान ठेवून बसायचं काय?"

त्या गेल्यावर आत्या भाईंची आखणी उलगडून ओटीवर बसली. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "दादा, पहिली वाहिनी खाली न्यायची."

"आणि आपली वाडी?"

"दुसऱ्या टप्प्यात."

बाबा उठून उभे राहिले. त्यांना असं चिडलेलं मी क्वचित पाहिलं असेल. "सुशी, आपल्या लोकांनी तुला कशासाठी निवडून दिलं? भाई वाट देणार आहेत. कागदावर देणार आहेत. पिढ्या गेल्या त्या वाटेसाठी. आणि तू..."

"मेलेल्यांना घाई नसते, दादा."

"मला आहे!" बाबा म्हणाले. "मला जायचंय त्या वाटेनं."

ती आत गेली आणि जेवायला बसली नाही. उपासकाळ असल्यामुळं कुणी आग्रह केला नाही.

मनोहरभाईही येऊन गेले. या वेळी खुर्चीत बसले. आवाज तसाच गोड. "बाई, तुमचाच फायदा बघत होतो मी. तुमच्या लोकांचा."

"भाई, वॉर्डात ज्याला ताप जास्त त्याच्याकडं आधी जावं लागतं."

"हा वॉर्ड नाही, बाई. हे राजकारण आहे. मग वाटेचं विसरा."

मंडळीत कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं सत्तेत आपलं कुणी नाही म्हणून रडायचं, आणि आपलं माणूस आलं तर त्यानं आपल्यालाच शेवटी ठेवायचं? असं म्हणणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या बायकांनाही विहिरीवरून हंडे आणावे लागत होते आणि त्यांच्या म्हाताऱ्यांनाही त्याच फाटकातून जायचं होतं. पाळक एकदा घरी आले. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण मी ते उपदेशात सांगू शकत नाही. मला सगळी मंडळी सांभाळायचीय."

"सांभाळा," आत्या म्हणाली. "मी कुठं मंडळी सोडून चाललेय?"

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही नेहमीसारख्या माडाच्या झावळ्या हातात घेऊन चर्चभोवती फेरी काढली. मुलं गात पुढं, मोठी माणसं मागं. त्या दिवशी मी गाण्यापेक्षा देवाच्या पुत्राचं झावळ्यांनी स्वागत करणाऱ्या त्या जुन्या गर्दीचाच विचार करत होते. त्यांनी झावळ्या हलवल्या कारण त्यांना राजा हवा होता. परक्यांना हाकलणारा, आपल्या लोकांचं भलं करणारा, आपला राजा. आणि तो आला गाढवाच्या शिंगरावर बसून, आणि त्यांच्या मनातलं काहीच केलं नाही. ती गर्दी पाच दिवसांत का उलटली याचं लहानपणी मला नवल वाटायचं. त्या वर्षी वाटलं नाही. आत्या फेरीत एकटीच चालत होती. तिच्या आजूबाजूला जरा जास्तच जागा होती.

ठराव ईस्टरनंतरच्या ग्रामसभेत आला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. एरवी ग्रामसभेला चार टाळकी असतात, त्या दिवशी अंगणही भरलं. बौद्धवाडीच्या बायका झाडून आल्या होत्या आणि पुढं बसल्या होत्या. आत्यानं दोन्ही आखण्या वाचून दाखवल्या आणि कोणतीही बाजू न रंगवता म्हणाली, "पहिली वाहिनी बौद्धवाडीला न्यावी असा माझा प्रस्ताव आहे. माझी वाडी दुसऱ्या टप्प्यात जाईल. मंजूर असेल त्यांनी हात वर करावा."

बौद्धवाडीचे हात वर झाले. मग मोठ्या वाडीतल्या काही बायकांचे, नवऱ्यांकडं न बघता. मुंबईला नोकरीला असलेल्यांच्या बायका होत्या त्या, घरचं पाणी त्याच भरत. कुणबीवाडीतून काही हात आले. मिशनवाडीची माणसं एका कडेला भिंतीला टेकून बसली होती. तिथं एकही हात हलला नाही. आत्या तिकडं बघत नव्हती. मोजणी सुरू झाली. मी मात्र बाबांकडं बघत होते. ते चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला, आणि उजवा हात वर गेला. पुरता नाही, कानापर्यंत, उत्तर नक्की माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासारखा. मग त्यांनी तो सरळ केला.

ठराव पास झाला. बाबांच्या हातामुळं नाही, त्यांच्याशिवायही झाला असता. पण त्यांच्या शेजारी बसलेले मंडळीचे पंच उठून बाहेर गेले ते मी पाहिलं.

घराच्या दारात पोचल्यावर बाबा बहिणीला एवढंच म्हणाले, "हिशेबानं बघितलं तर तुझंच बरोबर होतं. पण मला राग आहे."

"असू दे," आत्या म्हणाली.

आठवड्याभरात बागेच्या फाटकाला कुलूप लागलं. मंडळीच्या सभेत आत्याला पंच कमिटीतून काढावं असा विषय निघाला. तिनं स्वतःच राजीनामा दिला, पाळकांवर मतं घ्यायची पाळी येऊ नये म्हणून. दोन घरं रत्नागिरीच्या चर्चला जायला लागली. तिसऱ्या बाकावर आता ती, बाबा आणि शनिवार-रविवारी मी, एवढेच बसायचो.

मे महिन्यात, आंबे उतरवायचे दिवस संपत आले असताना, बाबा गेले. सकाळी अंगणात रायवळ आंब्यांची टोपली निवडत बसले होते, तिथंच कलंडले. आत्यानं नाडी बघितली आणि हात तसाच धरून ठेवला. लोट्याला कंपनीत असलेला माझा भाऊ येईपर्यंत दुपार झाली. मिशनवाडी सगळी जमली. रत्नागिरीच्या चर्चला जायला लागलेली ती दोन घरंही आली. शवपेटी तयार झाली, पाळक आले, आणि मग माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भाईंकडं जायचं कुणी?

"मी जाते," आत्या म्हणाली. "तो माझा भाऊ आहे, आणि कुलूप माझ्यामुळं लागलंय."

तिनं चपला घातल्या आणि निघाली. मी तिच्याबरोबर गेले. चढाच्या वळणावर आलो तर फाटक उघडं होतं. दोन्ही दारं मागं टाकून दगड लावून ठेवलेली, वाटेत पडलेला पाचोळा झाडलेला, आणि मनोहरभाई डोक्यावरची टोपी हातात घेऊन अनवाणी उभे होते. आत्या थांबली.

"मास्तरांनी मला अक्षर शिकवलं, बाई," भाई म्हणाले. "आज फाटक मास्तरांसाठी उघडं आहे. सरपंचांसाठी नाही."

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. "उपकार झाले."

भाईंनी बागेच्या शेवटापर्यंत खांदा दिला. खड्ड्यात मूठभर माती टाकली. बौद्धवाडीची माणसं आली होती, शालनवहिनी आल्या होत्या, कुणबीवाडीचे उपसरपंच होते. दफनविधी आटोपून आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. भाईंच्या पॅनेलच्या सदस्यांनी मासिक सभेला यायचं बंद केलं, ते आत्याची मुदत संपेपर्यंत. कोरम भरायला ती घरोघर फिरायची. पण कुणी पाहुणा घरी आला की ती त्या दिवशीच्या उघड्या फाटकाची गोष्ट सांगायची. भाईंबद्दल कुणी वाईट बोललं की ती म्हणायची, "राजकारणात दुष्ट आहे, माणूस म्हणून नाही. दोन्ही खरं आहे."

मला हे पटायला वेळ लागला. माझ्या रागाला एकच मनोहरभाई हवा होता.

पुढच्या उन्हाळ्यात बौद्धवाडीला नळ आले. त्याच्या पुढच्या वर्षी निधी आला आणि मिशनवाडीलाही आले. आत्या दुसऱ्यांदा उभी राहिली नाही. पॅनेल भाईंचंच राहिलं, सध्या त्यांची सून सरपंच आहे आणि यंदा पुन्हा उभी आहे. ती बरी आहे. आत्याकडं येऊन सल्ला विचारते आणि मग सासरे सांगतील ते करते. वाट कागदावर अजून नाही. मयत झालं की मिशनवाडीतलं कुणीतरी भाईंकडं किल्ली मागायला जातं. ते नाही म्हणत नाहीत. कधी कधी मला वाटतं, आमच्या लोकांना वाटेपेक्षा किल्ली मागायचीच सवय झाली आहे. मग वाटतं, हे मी रत्नागिरीत बसून म्हणणं सोपं आहे.

आत्याचं काही चुकलं का? मंडळीत अजूनही यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं चांगली आहेत. आपल्या माणसांचं भलं करायला सत्ता मिळते की आपल्या माणसांपलीकडं बघायला, हा प्रश्न आमच्या वीस घरांपुरता लहान होता म्हणून निदान दिसला तरी. मोठ्या ठिकाणी तो गर्दीत हरवतो. सत्तेनं आत्याचा विश्वास वाढला असं नाही आणि कमीही झाला नाही. पण पूर्वी ती मोठ्यानं प्रार्थना करायची, ती आता मनातल्या मनात करते.

गेल्या शनिवारी तिनं मला बोलावून घेतलं. काठी घेतली आणि म्हणाली, "चल बाय, जरा फिरून येऊ." मला वाटलं चर्चपर्यंत. ती उताराला लागली, बौद्धवाडीकडं. पाइपलाइन टाकताना वाडीच्या मागून सड्यावरच्या टाकीपर्यंत ट्रॅक्टर जाईल एवढी वाट खणली गेली होती, तिथं आम्ही पोचलो. मी कधी त्या वाटेनं गेले नव्हते. शालनवहिनी दारात तांदूळ पाखडत होत्या. आता थकल्यात. "कुठं गो बाई उन्हाची?" त्यांनी विचारलं.

"वाट बघायला," आत्या म्हणाली. शालनवहिनी सूप ठेवून आमच्याबरोबर चालायला लागल्या.

वाट लांबची होती. करवंदीच्या जाळ्यांमधून, जांभ्याच्या उघड्या अंगावरून चढत ती टाकीपाशी गेली, आणि टाकीच्या पलीकडं, आंब्याची बाग कुठंही न लागता, आमची दफनभूमी दिसत होती. बाबांच्या कबरीचा दगड मला मागच्या बाजूनं पहिल्यांदाच दिसला. आत्या खाली बसली, धाप जिरवली.

"मला नेताना भाईकडं जाऊ नका," ती म्हणाली. "राग म्हणून नाही. विचारायला नको, म्हणून. हिकडून आणा."

"आत्या, काहीतरीच काय..."

पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. खाली वाटेच्या शेवटच्या वळणाकडं बघत होती. तिथं एक मोठा दगड पुढं आलेला आहे आणि वाट अरुंद झाली आहे. तिनं काठीनं तिथली रुंदी हवेतच मापली, आणि नर्सच्या त्या जुन्या, स्ट्रेचर दारातून काढतानाच्या आवाजात शालनवहिनींना म्हणाली, "तिथं पेटी वळवायला जरा जड जाईल."

शालनवहिनींनी तिकडं नीट पाहिलं.

"तिरकी धरू," त्या म्हणाल्या.